डिस्ट्रिब्युटेड सिस्टिमचा प्रोटोटाइप पुढच्या बॅचसाठी जपून ठेवताना

फायनल इयरचे प्रोजेक्ट संपले की कोडचं पुढे काय होतं, हे सोलापुरातल्या कुठल्याही कॉम्प्युटर डिपार्टमेंटच्या कपाटात बघायला मिळतं. सोनेरी अक्षरांची ब्लॅक बुकं, म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्ट, ओळीनं उभी असतात, मागच्या पुठ्ठ्याला पाकीट असतं आणि पाकिटात सीडी. कोड लिहिणारी मुलं तोवर हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला नोकरीवर रुजू झालेली असतात. पुढच्या बॅचला तोच विषय पुढे न्यायचा असतो, पण सीडीतला कोड चालत नाही. मग सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

साध्या वेबसाइटचा प्रोजेक्ट असेल तर नुकसान थोडं. पाच-सात मशिन एकमेकांशी बोलून निर्णय घेतात असा प्रोटोटाइप असेल तर मात्र ते फार मोठं असतं. अशा प्रयोगात मुलं जे शिकतात त्यातलं बरंचसं कोडमध्ये लिहिलेलंच नसतं. ते टायमआउटच्या (उत्तराची किती वेळ वाट पाहायची याच्या) एखाद्या आकड्यात असतं, कुठल्या मशिनची वायर कधी काढली यात असतं, आणि तेव्हाच्या लॉगमध्ये असतं. म्हणून अशा प्रयोगाची रिपॉझिटरी, म्हणजे इतिहासासकट कोडचा साठा, करायची तर कोडबरोबर त्याची परिस्थितीही आत आली पाहिजे, आणि ती आत आली की नाही हे परक्या माणसाला चालवायला देऊनच कळतं. हा लेख त्याबद्दल आहे.

सोयीसाठी एकच उदाहरण धरून चालू. समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका यंत्रमाग कारखान्यात पाच रास्पबेरी पाय, म्हणजे एसडी कार्डावर चालणारे छोटे स्वस्त कॉम्प्युटर, बसवले आहेत. प्रत्येक पायला काही मागांचे सेन्सर जोडलेले. मागानं किती काम केलं याचा आकडा पाचही ठिकाणी सारखाच राहावा म्हणून त्यांच्यात राफ्ट अल्गोरिदम चालतो: मशिन मतदानानं एक लीडर निवडतात, आणि तो सांगेल त्या क्रमानं सगळे नोंदी ठेवतात. पाचांतले दोन बंद पडले तरी उरलेले तीन मिळून बहुमत होतं आणि काम चालू राहतं. कारखान्यात वीज अधूनमधून जाते, म्हणूनच हा प्रयोग तिथे करावासा वाटला.

आधी गोळा करा, नीटनेटकं नंतर

पहिला मोह होतो तो साफसफाईचा. फाइलींची नावं बदलायची, वापरात नसलेली फंक्शनं काढायची, सगळं देखणं करून मग अपलोड करायचं. हे करू नका. प्रायोगिक कोडचं मोल त्याच्या खाणाखुणांत असतं. कमेंट करून ठेवलेला तुकडा हा बहुतेक वेळा फसलेल्या प्रयत्नाचा एकमेव पुरावा असतो.

आधी जे जसं आहे तसं उचला. ग्रुपमधल्या प्रत्येकाचा लॅपटॉप, पेनड्राइव्ह, गूगल ड्राइव्हचं फोल्डर, व्हॉट्सअॅपच्या प्रोजेक्ट ग्रुपवर एकमेकांना पाठवलेल्या झिप फाइली, आणि पाचही पायची एसडी कार्डं. एसडी कार्डातल्या फाइली नुसत्या कॉपी करण्यापेक्षा डीडी कमांडनं पूर्ण कार्डाची इमेज काढा. सेवा कुठल्या क्रमानं सुरू होतात, क्रॉनमध्ये काय आहे, घड्याळ कुणाकडून वेळ घेतं, हे सगळं त्या इमेजमध्ये आपोआप येतं. प्रत्येक फाइलचा शा-२५६ चेकसम (मजकूर जरा बदलला तरी बदलणारा आकडा) काढून एका यादीत ठेवा. हा कच्चा माल. याला यापुढे कुणी हात लावायचा नाही. काम करायचं ते याच्या प्रतीवर.

लॅपटॉपवर गिट (कोडच्या प्रत्येक बदलाची ‘कमिट’ नावाची नोंद ठेवणारं टूल) असेल तर गिट पुश, म्हणजे सर्व्हरवर चढवणं, झालं म्हणजे सगळं आलं असं समजू नका. प्रत्येक लॅपटॉपवर गिट स्टॅटस चालवा, आणि इग्नोर केलेल्या फाइलीही दाखवायला सांगा. कॉन्फिगरेशनची खरी फाइल बहुधा गिट-इग्नोरमध्येच सापडते. मग गिट स्टॅश लिस्ट, म्हणजे बाजूला ठेवलेल्या अर्धवट बदलांची यादी, बघा. स्टॅश पुशबरोबर जात नाही, क्लोनबरोबर येतही नाही; तो त्या एका लॅपटॉपवरच असतो आणि लॅपटॉप फॉरमॅट झाला की गेला. प्रत्येक स्टॅशची वेगळी ब्रांच करून कमिट करा. शेवटी गिट रीफ्लॉगवर नजर टाका. रिबेस करताना सुटलेले कमिट तिथे काही काळ तग धरून असतात.

हे सगळं व्हायव्हा झाल्यावर, पण मुलं गावात असतानाच करायचं. एकदा माणूस हिंजवडीला गेला की "तुझ्या जुन्या लॅपटॉपवर एक ब्रांच होती बघ" या फोनला सहसा उत्तर येत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नसतो.

पासवर्ड, नावं आणि परवानगी

गिटच्या इतिहासात काय काय अडकलेलं असतं हे बघून धक्का बसतो. कारखान्याच्या वायफायचा पासवर्ड, क्लाउडची की, कामगारांची नावं नि मोबाइल नंबर असलेली टेस्ट फाइल. फाइल आज काढून टाकली तरी जुन्या कमिटमध्ये ती राहतेच. गिटलीक्ससारखं टूल पूर्ण इतिहासावर चालवा. काही सापडलं तर पहिलं काम ती की किंवा पासवर्ड बदलून निकामी करण्याचं. त्यानंतर गिट फिल्टर-रेपोनं इतिहासातून काढण्याचं. इतिहास बदलला की तिथून पुढच्या सगळ्या कमिटचे हॅश बदलतात. त्यामुळे हे काम रिपॉझिटरी कुठेही जमा करण्याआधी, एकदाच करायचं, आणि काय काढलं ते मोकळेपणानं लिहून ठेवायचं. रिपोर्टमध्ये जुने हॅश छापलेले असतील तर जुना-नवा असा तक्ता सोबत द्या.

परवानगीचं दोन ओळींत सांगतो. लायसन्सची फाइल नसेल तर कोड सगळ्यांना दिसतो, पण कायद्यानं तो कुणालाच वापरता येत नाही. हक्क लिहिणाऱ्यांचेच राहतात. चौघांनी लिहिला असेल तर चौघांची संमती घ्या, तीही मुलं जायच्या आधी. एमआयटी किंवा अपाची २.० यांपैकी एक बहुतेकांना पुरतं. कारखानदाराचा डेटा असेल तर त्यांना विचारल्याशिवाय एकही ओळ बाहेर जाता कामा नये.

इतिहास जसा घडला तसा

चांगल्या कंपन्यांमध्ये छोटे छोटे कमिट एकत्र करून एक सुबक कमिट करायची पद्धत असते. प्रयोगाच्या कोडला ती लावू नका. "आता तरी चाल" अशा मेसेजचा रात्री अडीचचा कमिटसुद्धा राहू द्या. कुठला बदल कशानंतर झाला हेच तर पुढच्याला हवं असतं.

फसलेल्या प्रत्येक मार्गाची ब्रांच असेल तर तिला ॲनोटेटेड टॅग द्या. साधा टॅग म्हणजे नुसतं नाव. ॲनोटेटेड टॅगमध्ये कुणी, कधी आणि का हेही साठतं. ‘का’साठी चार ओळी खर्च करा: "गॉसिप पद्धतीनं आकडे पसरवून पाहिले. नेटवर्क तुटून जोडलं की तोच फेरा दोनदा मोजला जात होता. म्हणून सोडलं." असा टॅग पुढच्या बॅचचा महिना वाचवू शकतो. ब्लॅक बुकात असं काही छापलं जात नाही, कारण तिथे फक्त जमलेलं दाखवायचं असतं.

गिट वापरलंच नसेल, नुसत्या झिप फाइली असतील तर? तेव्हाही इतिहास बांधता येतो. झिप तारखेप्रमाणे लावा. एकेक उघडून तिचा कमिट करा, कमिटची तारीख फाइलींच्या मूळ तारखेची द्या आणि लेखक म्हणून ज्यानं लिहिलं त्याचंच नाव घाला. हा इतिहास मागाहून रचलेला आहे हे रीडमीमध्ये स्पष्ट लिहा. जुन्या सॉफ्टवेअरचा संग्रह करणाऱ्या ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’नं पिसा विद्यापीठ आणि युनेस्कोबरोबर बसवलेली पद्धत अशीच आहे: कच्चा माल एकीकडे, वाचण्याजोगा कोड दुसरीकडे, रचलेला इतिहास तिसरीकडे आणि सगळ्याची माहिती चौथीकडे. आपल्या डिपार्टमेंटच्या पातळीवर ती जशीच्या तशी वापरता येते.

क्लस्टरची परिस्थिती: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

आता मुख्य भाग. आपल्या उदाहरणातला कोड पाच वर्षांनी कुणीतरी उघडला असं समजा. राफ्ट आहे, गो भाषेत आहे, कंपाइलही झाला. निवडणुकीचा टायमआउट, म्हणजे लीडरकडून काहीच आलं नाही तर किती वेळानं नवा निवडायचा तो आकडा, एके ठिकाणी दीड सेकंद लिहिलेला दिसतो. राफ्टच्या २०१४ च्या मूळ पेपरात तो १५० ते ३०० मिलिसेकंदांच्या दरम्यान सुचवलेला आहे. नव्या मुलाला वाटणार की आधीच्यांना कळलं नाही, आणि तो ‘दुरुस्ती’ करणार.

खरी गोष्ट वेगळी असते. राफ्टमध्ये प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एसडी कार्डावर हे पक्कं करणं, म्हणजे एफसिंक, कधी पटकन होतं तर कधी इतकं रेंगाळतं की लीडरचा हार्टबीट, म्हणजे ‘मी जिवंत आहे’ हा निरोप, वेळेवर निघत नाही. बाकीच्यांना वाटतं लीडर मेला, आणि ते नवी निवडणूक लावतात. नवा लीडरही तशाच कार्डावर लिहीत असतो, म्हणून पुन्हा तेच. टायमआउट वाढवल्यावर हे थांबलं. इतकी मोठी शिकवण कोडमध्ये ‘१५००’ या एका आकड्याच्या रूपात उरते. त्यामुळे नेहमीच्या मूल्यापासून ढळलेला प्रत्येक आकडा शोधा आणि त्याच्या शेजारीच कारण लिहा. वेगळ्या दस्तऐवजात लिहिलेलं कारण आकड्यापासून तुटतं. मोजमाप केलं असेल तर तेही द्या: कुठलं कार्ड, एफसिंकला कमीत कमी किती वेळ लागला, जास्तीत जास्त किती.

मग बिघाड कसे घडवले ते. "एक नोड (म्हणजे पाचांतलं एक मशिन) बंद पाडून पाहिला" हे वाक्य रिपोर्टमध्ये हमखास असतं, आणि त्यातून काहीच कळत नाही. कसा बंद पाडला? किल-नाइन देऊन प्रोसेस मारली, तर तिनं डिस्कवर पाठवलेला पण अजून पक्का न झालेला डेटा ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत शाबूत असतो; सिस्टिम तो सावकाश लिहून टाकते. प्लग ओढला तर तोच डेटा गेला. म्हणजे एफसिंक विसरलेला कोड पहिल्या चाचणीत पास होतो आणि दुसऱ्या चाचणीत पडतो. ज्या गावात प्रयोगाचं कारणच वीज जाणं आहे, तिथे हा फरक लिहून ठेवायलाच हवा. प्लग ओढलेले प्रयोग वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि प्रत्येकात लिहा: कुठल्या पायचा प्लग, पॉवर बँक जोडलेली होती की नव्हती, राउटर त्याच लाइनवर होता का. राउटरचं तर विशेष विचारा. राउटर गेला तर पाचही पाय जिवंत असून एकमेकांना दिसत नाहीत, आणि तो बिघाड पूर्ण निराळा आहे.

नेटवर्कचा उशीर किंवा पॅकेट गळणं लिनक्सच्या नेटएममधून घडवलं असेल तर त्या कमांडची स्क्रिप्ट हवी, टर्मिनलचा स्क्रीनशॉट नको. कुठल्या दोन नोडमधला संपर्क आयपीटेबल्सनं तोडला आणि किती वेळानं जोडला, हेही स्क्रिप्टमध्येच लिहा. हातानं केलेले बिघाड असतील तर आता, मुलं समोर असताना, त्यांची स्क्रिप्ट करून घ्या.

घड्याळाकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्या मॉडेलमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. पाय ५ मध्ये आहे, पण त्याची बॅटरी वेगळी लावावी लागते. वीज आल्यावर पाय सुरू होतो तो शेवटी जतन झालेल्या वेळेपासून, आणि इंटरनेट मिळालं की एकदम पुढे उडी मारतो. वीज साडेअकराला गेली आणि एकला आली, तर लॉगमध्ये एकच्या घटना आधी साडेअकराच्या म्हणून पडतात आणि मधेच तास बदलतो. पाच नोडचे लॉग वेळेप्रमाणे एकत्र लावले की नोंदी उलटसुलट होतात. राफ्ट स्वतः घटनांचा क्रम घड्याळावरून ठरवत नाही. तो टर्म (कितवी निवडणूक) आणि लॉग इंडेक्स (कितवी नोंद) या दोन आकड्यांवरून ठरवतो. म्हणून लॉगच्या प्रत्येक ओळीत हे दोन आकडे आहेत का ते बघा. नसतील तर कोडमध्ये एक ओळ वाढवून शेवटचे महत्त्वाचे प्रयोग पुन्हा चालवून घ्या. लॉग मूळ स्वरूपात ठेवा, प्रत्येक नोडचा वेगळा. एकत्र करून ‘नीट लावलेला’ लॉग द्यायचा तर द्या, पण मुळाच्या जागी नको.

चादरीच्या जॅकार्डची कार्डं दोऱ्यानं क्रमानं ओवलेली असतात. तो क्रम मोडला तर एकेक कार्ड शाबूत असूनही नक्षी उमटत नाही. नोडांच्या निरोपांचंही तसंच आहे.

यादृच्छिक आकड्यांचं बीज, म्हणजे सीड, हे शेवटचं. राफ्टचा टायमआउट मुद्दामच थोडाफार इकडेतिकडे ठेवलेला असतो, म्हणजे सगळे नोड एकदम निवडणुकीला उभे राहत नाहीत. हा आकडा कुठल्या सीडवरून येतो ते प्रोग्राम सुरू होताच लॉगच्या पहिल्या ओळीत छापा आणि बाहेरून देता येईल असं करा. खऱ्या पाच मशिनवर सीड सारखं असलं तरी नेटवर्कमुळे धाव सारखी होत नाही, हे खरं. पण सगळे नोड एकाच प्रोसेसमध्ये, खोट्या घड्याळावर आणि खोट्या नेटवर्कवर चालवणारा छोटा सिम्युलेटर लिहिला, तर एकाच सीडवर अगदी तीच धाव पुन्हा मिळते. फाउंडेशन-डीबी हा डेटाबेस याच पद्धतीनं तपासत तपासत घडवला गेला. शेवटच्या सेमिस्टरमध्ये एवढा वेळ नसतो, मान्य. तरी चौघांपैकी एकाला हेच काम द्यावं असं मला ठामपणे वाटतं. हार्डवेअर मोडीत निघाल्यावर त्या प्रयोगातलं चालवून बघण्याजोगं असं हेच उरणार असतं.

पर्यावरण बांधून द्या

इथे तत्त्व सोपं आहे: पाच वर्षांनी इंटरनेटवरून जे डाउनलोड होईल असं तुम्ही गृहीत धरता, ते होणार नाही असं समजून चाला. २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज लेखकानं एनपीएमवरून काढलं आणि जगभरचे बिल्ड अडकले. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला थांबला. त्यावर लिहिलेले किती प्रोजेक्ट कपाटांत आहेत ते मोजायलाच नको.

गो असेल तर गो मॉड व्हेंडर चालवून सगळ्या लायब्ररी रिपॉझिटरीतच आणा. रस्टला कार्गो व्हेंडर आहे. पायथनसाठी नेमक्या आवृत्त्या हॅशसह लिहा आणि पिप डाउनलोडनं व्हील फाइली जमा करा. लॉक फाइल गिट-इग्नोरमध्ये गेली असेल तर बाहेर काढा.

डॉकर (प्रोग्राम त्याच्या लायब्ररींसकट ‘कंटेनर’मध्ये बंद करून चालवणारं टूल) वापरत असाल तर बेस इमेजच्या पुढे ‘लेटेस्ट’ लिहू नका. टॅग हे हलतं नाव आहे. आज एका इमेजकडे बोट दाखवतं, उद्या दुसऱ्या. डायजेस्ट, म्हणजे इमेजच्या मजकुरावरून निघणारा हॅश, लिहा, तो बदलत नाही. शिवाय तयार इमेज डॉकर सेव्हनं टार फाइल करून ठेवा. लॅपटॉपवर बांधलेली इमेज बहुधा इंटेलच्या जातीची असते आणि पायवर एआरएम लागते. दोन्ही बांधून ठेवा. आणि कंटेनरमध्ये कर्नल नसतो, तो यजमान मशिनचा वापरला जातो. आपल्या प्रयोगात एफसिंक, नेटएम, घड्याळ हे सगळं कर्नलच्याच हातात आहे. म्हणून कर्नलची आवृत्ती, फाइल सिस्टिम आणि ती माउंट करतानाचे पर्याय लिहून ठेवा.

एक कमांड अशी हवी की जी साध्या लॅपटॉपवर पाच कंटेनर उठवेल, लीडर निवडला जाईल, एक नोड मारला जाईल आणि आकडे जुळले की नाही ते छापेल. सेन्सरच्या जागी खोटे आकडे चालतील.

रीडमी

कोणत्या भाषेत लिहावी? जी भाषा लिहिणाऱ्याला अडखळू देत नाही त्या भाषेत. मोडकंतोडकं इंग्रजी लिहून महत्त्वाचं गाळण्यापेक्षा मराठीत सविस्तर लिहा. मुलांपैकी कुणी तेलुगू किंवा कन्नड माध्यमातलं असेल तर त्यानं मूळ टिपण त्याच्या भाषेत लिहिलं तरी चालेल, शेजारी मराठी किंवा इंग्रजी भाषांतर द्या. सुरुवातीला एवढं हवंच:

प्रश्न: वीज वारंवार जाणाऱ्या कारखान्यात स्वस्त मशिनवर राफ्ट टिकतं का?
सापडलं ते: टिकतं, पण नेहमीच्या टायमआउटवर नाही. अडचण एसडी कार्डाची होती, नेटवर्कची नाही.
भरवसा ठेवू नका: सदस्य वाढवण्या-घटवण्याचा भाग अर्धवट आहे. स्नॅपशॉट (जुना लॉग आटोपून फक्त सद्यस्थिती साठवणं) लिहिलेला नाही, त्यामुळे लॉग वाढतच जातो.
शेवटचं कधी, कुठे चाललं: तारीख, मशिन, कमांड आणि आलेलं उत्तर.

‘भरवसा ठेवू नका’ हा मथळा मुलं टाळतात, मार्क जातील अशी भीती असते. गाइडनं मुद्दाम लिहून घ्यावं. संशोधनाचा कोड वाचणाऱ्याला या चार ओळींची किंमत बाकी सगळ्या रीडमीपेक्षा जास्त वाटते. जोडीला सायटेशनची सीएफएफ फाइल घाला, म्हणजे कुणी कोड वापरला तर चौघांची नावं योग्य तऱ्हेनं दिली जातील. गिटहब ती २०२१ पासून ओळखतं.

कुठे ठेवायचं

तीन ठिकाणी, आणि तिन्ही वेगळ्या स्वभावाची.

पहिलं ठिकाण रोजच्या वापराचं: गिटहब किंवा गिटलॅब. खातं एका विद्यार्थ्याच्या नावावर नको. डिपार्टमेंटची ऑर्गनायझेशन करा, तिला किमान दोन मालक ठेवा, आणि कॉलेजचा ईमेल पास झाल्यावर बंद होतो हे लक्षात घेऊन मुलांना त्यांचा कायमचा ईमेल जोडायला सांगा. काम झालं की रिपॉझिटरी आर्काइव्ह करा, म्हणजे ती फक्त वाचण्यापुरती राहते.

पण गिटहब म्हणजे संग्रहालय नव्हे. गूगल कोड एकेकाळी तेवढंच पक्कं वाटायचं. २०१५ मध्ये ते बंद करायची घोषणा झाली आणि २०१६ च्या सुरुवातीला दार लागलं. गिटोरियस २०१५ मध्ये गेलं. बिटबकेटनं २०२० मध्ये मर्क्युरियलच्या (गिटसारख्याच दुसऱ्या टूलच्या) रिपॉझिटरी काढून टाकल्या. म्हणून दुसरं ठिकाण जतनासाठीच चालवलेलं हवं. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेनं २०१६ मध्ये सुरू केलेल्या सॉफ्टवेअर हेरिटेजच्या साइटवर ‘सेव्ह कोड नाऊ’मध्ये तुमच्या सार्वजनिक रिपॉझिटरीचा पत्ता टाकला की पूर्ण इतिहासासकट प्रत घेतली जाते. पैसे लागत नाहीत. तिथे प्रत्येक फाइलला, फोल्डरला, कमिटला त्याच्या मजकुरावरूनच निघणारा ओळख क्रमांक मिळतो. ही क्रमांकपद्धत २०२५ मध्ये आयएसओ मानक झाली. तो क्रमांक ब्लॅक बुकात छापा. लिंक मरते, हा क्रमांक मजकुराचाच असल्यामुळे प्रत कुठेही असली तरी जुळवून बघता येतो.

लॉग आणि इमेज मोठ्या असतात. गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, आणि एलएफएसमध्ये (गिटच्या मोठ्या फाइलींच्या सोयीत) टाकली तर गिटच्या इतिहासात फक्त एक छोटी निर्देशक फाइल राहते, खरा डेटा बाहेरच. अशा गोष्टी झेनोडोवर ठेवा. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेनं ते २०१३ पासून चालवलंय, एका नोंदीत ५० जीबीपर्यंत चालतं आणि डीओआय, म्हणजे संदर्भासाठीचा कायमचा क्रमांक, मिळतो. गिटहबला जोडलं तर प्रत्येक रिलीजची प्रत झेनोडो आपोआप घेतं. मात्र ती रिलीजची झिप असते, पूर्ण गिट इतिहास नसतो, आणि सबमॉड्यूलही (आत जोडलेल्या दुसऱ्या रिपॉझिटरीही) त्यात येत नाहीत. म्हणून झेनोडो आणि सॉफ्टवेअर हेरिटेज दोन्ही लागतात.

एसडी कार्डाच्या इमेजमध्ये वायफायचा पासवर्ड असतोच. ती सार्वजनिक ठिकाणी टाकू नका, तिसऱ्या ठिकाणी ठेवा: डिपार्टमेंटमधल्या दोन हार्डडिस्क, दोन वेगळ्या इमारतींत. गिट बंडल ही कमांड सगळ्या ब्रांच आणि टॅगसकट पूर्ण रिपॉझिटरी एका फाइलमध्ये बांधते. त्या फाइलवरून थेट क्लोन करता येतं, सर्व्हर लागत नाही. बंडल केल्यावर लगेच गिट बंडल व्हेरिफाय चालवा. पेनड्राइव्हवर भिस्त नको. फ्लॅश मेमरीतला डेटा नुसत्या ठेवणीत हळूहळू उतरतो आणि उष्णतेनं लवकर उतरतो. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीतल्या कपाटात काय होत असेल याचा विचार करा. सीडीचंही ऊन नि उष्णतेत तेच होतं.

परक्या माणसाच्या हाती द्या

आता थर्ड इयरचा एखादा मुलगा किंवा मुलगी निवडा, जिनं हा प्रोजेक्ट पाहिलेला नाही. तिला बंडल, इमेजची टार फाइल आणि रीडमी द्या. लॅपटॉपचं वायफाय बंद करा. प्रोजेक्ट करणाऱ्यांपैकी एकानं शेजारी बसायचं, पण बोलायचं नाही. फक्त ती कुठे थांबली ते लिहायचं. हा सगळ्यात कठीण भाग असतो, कारण तोंडातून "अगं, आधी तो पोर्ट बदल" निघतंच. निघालं तर ते वाक्य जसंच्या तसं रीडमीत घाला. नेमकं तेच लिहायचं राहिलेलं असतं.

वायफाय बंद असल्यामुळे लपलेली डाउनलोड इथे उघडी पडतात: टेस्टमध्ये कुठून तरी ओढलेली फाइल, स्क्रिप्टच्या मध्यात आलेलं ॲप्ट इन्स्टॉल. पाच कंटेनर उठले, एक मेला, आकडे जुळले आणि रीडमीत लिहिलेलं उत्तरच पडद्यावर आलं, की त्या कमिटला शेवटचा ॲनोटेटेड टॅग द्या, त्यात चालवणारीचं नाव आणि तारीख घाला. तिची परवानगी घेऊन, अर्थात. मगच झेनोडो आणि सॉफ्टवेअर हेरिटेजवर पाठवा. क्रम उलटा केला तर न चालणारी आवृत्ती कायमची जमा होते.

दरवर्षीची फेरी

नव्या बॅचला प्रोजेक्ट वाटताना जुन्या हार्डडिस्क काढा. चेकसमची यादी ताडून पाहा, प्रत्येक बंडल क्लोन करून गिट एफएससीके (रिपॉझिटरी शाबूत आहे का ते तपासणारी कमांड) चालवा, आणि एक तरी प्रोटोटाइप उभा करून बघा. एखादी डिस्क कुरकुरत असेल तर दुसरीवरून लगेच नवी प्रत करा. हे काम प्रॅक्टिकलचा भाग म्हणून मुलांनाच द्यावं. राफ्ट समजायला याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

कधीतरी कोड चालायचा बंद होणारच. नवा पाय जुनी इमेज उठवणार नाही, नवा कर्नल एखादा पर्याय ओळखणार नाही. तेव्हा मूळ टॅगला हात लावू नका. त्याच टॅगवरून नवी ब्रांच काढा, तिला ‘पोर्ट’ आणि वर्ष असं नाव द्या, आणि बदल त्यातच करा. काय बदललं, आणि त्या बदलानं प्रयोगाचा निकाल हलला का, हे पहिल्याच कमिटमध्ये लिहा. टायमआउट बदलावा लागला तर नव्या कार्डावरचं मोजमाप जुन्याच्या शेजारी ठेवा. झेनोडोवर ही नवी आवृत्ती म्हणून चढवा: जुन्या आवृत्तीचा डीओआय जुन्याकडेच राहतो, आणि सगळ्या आवृत्त्यांसाठीचा जो सामाईक डीओआय असतो तो आपोआप नव्याकडे नेतो. रीडमीत दोन्ही द्या, आणि ब्लॅक बुकात छापलेला जो डीओआय असेल त्यापुढे ‘मूळ’ असं लिहा.